आधीचं घर का सोडलं?

भाड्याचं घर बघायला गेलं की एजंट हमखास तीन गोष्टी विचारतो. माणसं किती, व्हेज की नॉनव्हेज, आणि आधीचं घर का सोडलं. पहिल्या दोन प्रश्नांवर आपल्याकडे बरंच लिहून-बोलून झालंय, भांडणंही झाली आहेत. तिसऱ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण बहुतेकांकडे त्याचं उत्तर तयार असतं. बदली झाली, मुलांची शाळा लांब पडायची, मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. ज्याचं स्वतःचं घर बँकेने लिलावात विकलं, त्याची जीभ मात्र तिथे अडते.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देण्याचं काम करते. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन पिशवीत घालायचं, लोकांच्या घरी जायचं, मालक आणि भाडेकरूचे फोटो-अंगठे घ्यायचे, करार वाचून दाखवायचा. कुणाला घर मिळतं हे मला कामामुळे कळतं. कुणाला मिळत नाही हे कळायला मात्र ओळखीचं कुटुंब लागलं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या नात्यातल्या एका कुटुंबासाठी मी स्वतः घरं शोधत हिंडले. नवरा, बायको, नवऱ्याची आई, दहावीत जाणारा मुलगा आणि सहावीतली मुलगी. भोसरी एमआयडीसीत त्यांचं जॉबवर्कचं वर्कशॉप होतं. दोन सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी मशिनं, एक जुना लेथ, सहा कामगार.

वर्कशॉप का बुडालं, हे सांगण्यासारखं आहे, कारण त्यात कुणी पैसे उडवले नव्हते. सगळं काम एकाच मोठ्या गिऱ्हाइकाचं होतं आणि त्याचं पेमेंट चार-चार महिने अडकायचं. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत, असं २००६चा कायदा म्हणतो. पण छोटा माणूस तो कायदा दाखवायला गेला की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. मग पगार भागवायला कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेची उचल, ते भागवायला राहत्या फ्लॅटवर कर्ज. पाठोपाठ लॉकडाऊन. त्यातूनही दोन वर्षं तग धरला. शेवटी हप्ते ९० दिवसांपेक्षा जास्त थकले, खातं एनपीए म्हणजे बँकेच्या लेखी थकीत झालं, आणि कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याखालची ६० दिवसांची नोटीस दारात आली.

त्यानंतर वर्तमानपत्रात ‘ताबा सूचना’ छापून आली. आतल्या पानावरच्या या बारीक अक्षरातल्या जाहिराती आपण रोज उलटतो. २००२च्या या कायद्याच्या नियमांप्रमाणे ती दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. तिच्यात कर्जदाराचं नाव असतं, बायको सहकर्जदार असेल तर तिचंही, फ्लॅटचा नंबर, मजला, चतुःसीमा. आणि खाली एक वाक्य असतं, की या मालमत्तेशी कुणीही व्यवहार करू नये. माझं म्हणणं याच वाक्यापासून सुरू होतं. सूचना मालमत्तेबद्दल आहे. तिच्यावर बँकेचा बोजा आहे, फसू नका, एवढाच तिचा अर्थ. पण लोक ती वाचतात माणसाबद्दल. या माणसाशी व्यवहार करू नका, असं.

मोशीतल्या एका एजंटने मला फोनवर तेच ऐकवलं. “ताई, फॅमिली चांगली आहे, पण ओनरने नाव सर्च केलं. पेपरमधलं निघालं. आता मी काय सांगू?” घर आवडलं होतं, टोकन द्यायचं ठरलं होतं. त्या संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा सामान अजून एका मित्राच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होतं आणि पाचही जण मेहुण्याच्या हॉलमध्ये झोपत होते.

आपली भाषासुद्धा या माणसाच्या विरुद्ध साक्ष देते. दिवाळं निघतं. ती एक घटना आहे, घर पडावं किंवा पीक जावं तशी. पण ज्याचं निघालं त्याला आपण म्हणतो दिवाळखोर. लाचखोर, नफेखोर, चुगलखोर यांच्या रांगेतला शब्द. ‘खोर’ लागला की झालेली गोष्ट स्वभाव होऊन बसते. कायद्याच्या मराठीत दुसरा एक शब्द आहे, नादारी. जुन्या पिढीतल्या पुष्कळांनी शाळेत नादारी घेतली आहे, म्हणजे परिस्थिती नाही म्हणून फी माफ. त्या शब्दात दोष नव्हता, अडचण होती. तो शब्द आपण कागदांत ठेवला आणि बोलण्यात दुसरा घेतला.

बँका तरी इतकी गल्लत करत नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ‘विलफुल डिफॉल्टर’ असा वेगळा वर्ग आहे, म्हणजे फेडायची ऐपत असून ज्याने फेडलं नाही किंवा पैसे भलतीकडे वळवले तो. ज्याला फेडता आलं नाही तो त्या वर्गात बसत नाही. जिचे पैसे बुडाले ती संस्था हा फरक करते. ज्याचा एक रुपया बुडालेला नाही तो घरमालक करत नाही.

नादार माणसाने काय करू नये, हे कायद्याने लिहून ठेवलं आहे. नादार ठरलेला आणि त्यातून मुक्त न झालेला माणूस संसदेत किंवा विधिमंडळात बसू शकत नाही, तसं राज्यघटनेतच आहे. तो कंपनीचा संचालक होऊ शकत नाही. मुंबईबाहेरच्या महाराष्ट्राला लागू असलेला नादारीचा कायदा १९२०चा आहे, आणि त्यात असंही आहे की अशा माणसाने स्वतःची स्थिती न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तर तो गुन्हा. यादी बारकाईने केलेली आहे. भाड्याच्या घरात राहू नये, असं तिच्यात कुठेही नाही. ते कलम आपण घातलं.

उलट, पडलेल्या माणसाकडे काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे हे कायद्याला शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं ६०वं कलम वाचा. कर्जवसुलीसाठी कितीही मोठा हुकूमनामा झाला तरी कर्जदाराचे, बायकोचे, मुलांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याचं घर आणि स्त्रीने धर्माप्रमाणे अंगावरून उतरवू नयेत असे दागिने यांना हात लावता येत नाही. पगारातलाही मोठा भाग राखून ठेवलेला आहे. हे लिहिणाऱ्यांच्या मनात दया होती की १८७५ साली आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांची कर्जखतं जाळणाऱ्या कुणब्यांची आठवण, मला ठरवता येत नाही. पण त्यांच्यासमोर एक चित्र होतं. या माणसाला उद्या सकाळी चूल पेटवायची आहे. गहाण घराला या कलमाचा आधार नाही, ते जाणार हे मी मान्य करते. बँकेने ठेवीदारांचे पैसे वसूल करू नयेत असं मी म्हणत नाही. पण भांडी राखली आणि ती मांडायला खोली मिळेना, तर राखून काय साधलं?

आता घरमालकाची बाजू. ती मी रोज ऐकते आणि तिची टिंगल मला करवत नाही. आमच्याकडे फ्लॅट भाड्याने देणारे बरेचसे लोक मोठे मालक नव्हेत. कंपनीतून निवृत्त झालेले काका, ज्यांची पेन्शन हजारा-दोन हजारांची आहे आणि महिन्याचा औषधपाणी-किराणा त्या भाड्यावर चालतो. किंवा ज्याच्या डोक्यावर त्याच फ्लॅटचा हप्ता आहे असा पोरगा. भाडं दोन महिने थकलं तर त्यांचंही खातं अडचणीत येईल. अशा माणसाने सावध असावंच. माझा प्रश्न इतकाच आहे, की ज्याला ते घाबरतात तो धोका या भाडेकरूत खरंच जास्त आहे का?

लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला देण्याचा करार मी हजारो वेळा वाचून दाखवला आहे. त्यात मालकाच्या हातात जितकं आहे तितकं बँकेच्या हातातही नसतं. बँक आधी पैसे देते आणि मग वीस वर्षं वाट बघते. मालक आधी डिपॉझिट घेतो, भाडं महिन्याच्या सुरुवातीला घेतो, आणि घर त्याच्याच नावावर असतं. बहुतेक करार ११ महिन्यांचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २४: मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने भरपाई, आणि ताब्यासाठी नेहमीच्या कोर्टात वर्षानुवर्षं न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद. लेखी करारातल्या मजकुराला तिथे निर्णायक पुरावा मानतात. जुन्या पागडीच्या भाडेकरूची भीती मनात ठेवून आजच्या लायसन्सवाल्याला नाकारणं म्हणजे आजोबांच्या खटल्याचा राग नातवावर काढणं आहे.

मग त्याचं उत्पन्न बघा. नवरा आता चाकणला एका कारखान्यात सीएनसी सेटर म्हणून लागलाय, पगार ३४,००० रुपये. बायको सकाळी वीस डबे करते. भाडं बसत होतं १४,०००. त्याच्या डोक्यावर घराचा हप्ता नाही, गाडीचा नाही, क्रेडिट कार्ड नाही. त्याला कुणी कार्ड देणारही नाही. याच आठवड्यात मी एका आयटीतल्या मुलाचा करार केला. पगार दीड लाख, गावाकडच्या प्लॉटचा हप्ता, गाडीचा हप्ता, फोनचासुद्धा हप्ता. मालकाने त्याला एक प्रश्न विचारला नाही. नोकरी गेली तर त्या मुलाचं भाडं पहिल्याच महिन्यात थकेल, आणि सेटरचं कदाचित थकणार नाही, कारण घर गमावणं म्हणजे काय हे त्या घराने पाहिलं आहे. हप्ते थकण्याआधी नऊ वर्षं त्यांनी फ्लॅटचा एकही हप्ता चुकवला नव्हता, हेही कुणी विचारलं नाही.

चिखलीतल्या एका मालकाने सरळ सिबिल स्कोअर मागितला. ३०० ते ९०० मधला तो आकडा, ६५०च्या खाली असेल तर येऊ नका. मला याची खरी चीड आली. पतमाहितीबद्दलचा २००५चा कायदा ही माहिती कुणाला मिळावी हे ठरवून देतो. ती मुख्यतः बँका आणि वित्तसंस्थांसाठी आहे, घरमालकांसाठी नाही. म्हणून मग अर्जदारालाच सांगायचं, तूच काढ आणि दाखव. गरजू माणूस दाखवतो. अहवालात थकबाकीची नोंद किमान ७ वर्षं राहते. सहावीतली मुलगी बारावी होऊन कॉलेजात जाईपर्यंत. आणि तो आकडा कर्जफेडीचा आहे. लाइटबिल वेळेवर भरलं, सोसायटीचा मेंटेनन्स भरला, मुलांची फी भरली, यातलं त्यात काही दिसत नाही. भाडं कर्ज नव्हे. मालक पैसे देत नाही, घेतो. उधारीचं माप आगाऊ रकमेला लावायचं कशाला?

मालकांनी काही विचारूच नये, असं मी म्हणत नाही. विचारावं. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट बघा, आत्ताच्या नोकरीचं पत्र बघा, भाडं दर १ तारखेला खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवायला लावा. यातून येत्या ११ महिन्यांचं कळतं. लिलावातून मागच्याचं कळतं.

आणखी एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणात वाईट तीच. सुरुवातीला नवरा खरं सांगायचा. “आमचा फ्लॅट बँकेने घेतला, मी आता नोकरी करतो.” चार घरं गेली. पाचव्या वेळी एजंटनेच शिकवलं, “साहेब, कामासाठी चाकणजवळ यायचंय म्हणा. तेवढंच.” सहाव्या घरी त्याने तेवढंच सांगितलं, आणि बाहेर आल्यावर जिन्यात बायकोला म्हणाला, “कर्ज होतं तेव्हासुद्धा कुणाशी खोटं बोललो नव्हतो.” मालकांना वाटतं आपण बुडव्यांना गाळतोय. गाळले जातात ते खरं बोलणारे. ज्याला सफाईने खोटं बोलता येतं तो आत येतो, आणि मालकाला ज्याच्यापासून वाचायचं होतं तोच असण्याची शक्यता त्यात जास्त.

सोसायट्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर बोलायला लागले तर थांबणार नाही. आपल्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर देण्यासाठी सोसायटीची आधी परवानगी लागत नाही. करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत राहायला येण्याच्या आठ दिवस आधी दिली की झालं. तरी कमिटी मुलाखती घेते. आमच्या कुटुंबाला एका ऑफिसात उभं करून विचारलं गेलं, “बँकेचे लोक इथे येणार नाहीत ना?” आजी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, दार उघडं होतं.

डिपॉझिटचंही तसंच. केंद्राच्या २०२१च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवलेली आहे. पण तो नमुना आहे, राज्यांनी घेतला तर लागू. आपल्याकडे मालक मागेल ते. ज्याचं दिवाळं निघालंय त्याच्याकडे रोख कमी आणि त्याच्याकडूनच जास्त मागायची, सहा महिन्यांची, एकाने तर दहा. बायकोने मंगळसूत्राच्या वाट्या सोडून उरलेलं सोनं आधीच मोडलं होतं. दोन महिन्यांची मर्यादा महाराष्ट्राने स्वीकारली तर मालकाला फार सोसावं लागणार नाही. एका महिन्याचं भाडं थकलं तरी दुसऱ्या महिन्यात हालचाल करायला त्याच्या हातात रक्कम राहते.

पण यापेक्षा मोठी चूक दिल्लीत अडकली आहे. २०१६ साली आपण नादारी व दिवाळखोरी संहिता केली. कंपन्यांसाठी ती लगेच धावायला लागली. हजारो कोटींची कर्जं सवलतीत मिटली, कंपनी नव्या मालकाकडे गेली, जुन्या देण्यांवर पडदा पडला, आणि त्याला आपण अर्थव्यवस्थेची सुधारणा म्हणालो. व्यक्तींसाठी त्याच संहितेत तिसरा भाग लिहिलेला आहे. दिवाळखोरीचा आदेश झाल्यावर साधारण वर्षभरात माणूस जुन्या देण्यांतून मुक्त व्हावा, अशी त्यात तरतूद आहे. हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. भोसरीतल्या वर्कशॉपवाल्यासाठी, किराणा दुकानदारासाठी, टेम्पोवाल्यासाठी नाही. त्यांच्यासाठी तोच १९२०चा कायदा, जिल्हा न्यायालय आणि संपेल तेव्हा संपेल अशी तारीख. मुंबईत तर त्याहून जुना, १९०९चा. म्हणून बहुतेक लोक त्या वाटेला जातच नाहीत. ते कागदोपत्री नादार ठरत नाहीत आणि म्हणून कधी मुक्तही होत नाहीत. घर विकूनही रक्कम पुरली नाही तर बाकीची मागणी मागे लागलेलीच असते.

याचा भाड्याच्या घराशी संबंध थेट आहे. मालक विचारतो, “आता सगळं मिटलंय ना?” आणि या माणसाला ‘हो’ म्हणता येत नाही. मिटल्याचा कागद त्याच्याकडे नाही, कारण तो देणारी व्यवस्था लिहून ठेवलेली असूनही सुरू केलेली नाही. असा एक कागद असता, न्यायाधिकरणाच्या सहीचा, अमुक तारखेपासून हा माणूस जुन्या देण्यांतून मोकळा आहे असं सांगणारा, तर मी तो भाडेकराराच्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवला असता. वर्तमानपत्रातल्या सूचनेला उत्तर देणारं दुसरं काहीच आज त्याच्या हातात नाही. बुडाल्याची जाहिरात कायदा सक्तीने करतो. वर आल्याची साधी नोंदसुद्धा ठेवत नाही. तिसरा भाग सामान्य माणसासाठी लागू करा, ही मागणी वकिलांच्या परिसंवादात राहून चालणार नाही. ती कामगारांच्या वस्तीतून, लघुउद्योगांच्या संघटनांतून, सोसायट्यांच्या ऑफिसातून यायला हवी.

घर शेवटी मिळालं, दिघीत. मालकीणबाई शिक्षिका होत्या, निवृत्त. नवऱ्याने पुन्हा खरंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पासबुक बघितलं, पगाराचं पत्र बघितलं, तीन महिन्यांचं डिपॉझिट दोन हप्त्यांत घ्यायला तयार झाल्या. आणि मला म्हणाल्या, “करार आजच करून टाका, म्हणजे यांना रात्री झोप लागेल.”

अंगठ्याला वेळ लागला. वीस-बावीस वर्षं लेथवर हात चालवलेला, कूलंट आणि किसाने रेषा घासून गेलेल्या. मशीन पुन्हा पुन्हा लाल दाखवत होतं. रुमालाने पुसून झालं, आजींनी खोबरेल लावून बघायला सांगितलं, उजव्याच्या जागी डावा घेतला. मुलगी पायरीवर बसून प्रत्येक वेळी मशीनकडे बघत होती. सातव्या खेपेला हिरवा लागला. मी प्रिंट काढून वाचून दाखवायला लागले तेव्हा बायकोने मला मुदतीच्या कलमावर थांबवलं. करार १ मेपासून ११ महिन्यांचा, म्हणजे ३१ मार्चपर्यंत. दहावीचा शेवटचा पेपर त्याच्या आधी होतो ना, हे तिने मला दोनदा विचारून घेतलं.